मेलेल्या युक्त्यांचं मासिक बिल

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं बिल माझ्यासमोर आहे. दरमहा आठ हजार रुपये, अधिक जीएसटी. खाली कामाचा तपशील: डिरेक्टरी सबमिशन २००, सोशल बुकमार्किंग १००, ब्लॉग कॉमेंट १००, आर्टिकल सबमिशन २०, मेटा कीवर्ड अपडेट. सगळ्यात वर ठळक अक्षरांत ‘एसईओ पॅकेज, पहिल्या पानाची गॅरंटी’, म्हणजे गूगलच्या शोधात वेबसाइट पहिल्या पानावर आणण्याची हमी. असं बिल तीन वर्षं येत राहिलं आणि मालक ते भरत राहिले. फाइल माझ्या हाती देताना ते म्हणाले, “ताई, एवढं सगळं काम करत्यात, मग फोन का वाजत न्हाई?”

मी कोल्हापुरात छोट्या उद्योगांसाठी वेबसाइट बनवते. डीटीपी करता करता या कामात आले. फाउंड्रीवाले, चपलांचे व्यापारी, मसाले-चटण्या करणाऱ्या बायका, मालवण-तारकर्लीकडे घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबं, असे माझे ग्राहक. त्यांच्या फायलींत मला अशी बिलं नेहमी दिसतात. रक्कम कमी-जास्त, एजन्सी वेगळी, तपशील मात्र जवळपास शब्दशः तोच. आणि त्या तपशिलातली बहुतेक कामं दहा-पंधरा वर्षांपूर्वीच निकामी झालेली आहेत. हे लिहायला हवं असं मला वाटतं, कारण पैसे भरणाऱ्या माणसाला ते कुणीच सांगत नाही.

मेटा कीवर्डचंच घ्या. वेबसाइटच्या पानामागे, वाचकाला दिसत नाही अशा जागी, शब्दांची एक यादी टाकता येते. १९९० च्या दशकात अल्टाव्हिस्टा आणि इन्फोसीकसारखी शोधयंत्रं ती यादी वाचत आणि पान कशाबद्दल आहे हे त्यावरून ठरवत. साहजिकच लोकांनी त्यात वाटेल ते भरलं. पान कशाचंही असो, जे शब्द जास्त शोधले जातात ते यादीत घालायचे. यादीवरचा भरवसा उडाला. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीरपणे सांगितलं की, क्रमवारी लावताना आम्ही ही यादी विचारात घेत नाही. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली, आणि शिरोलीतला माणूस अजून ‘मेटा कीवर्ड अपडेट’चे पैसे भरतोय.

डिरेक्टरी सबमिशनची कथा याहून वेगळी नाही. एके काळी याहूची डिरेक्टरी होती, डीमॉझ होती. तिथे माणसं बसून एकेक वेबसाइट तपासत आणि मग नोंद करत, म्हणून त्या नोंदीला किंमत होती. याहूने आपली डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद केली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झाली. बिलातल्या ‘२०० डिरेक्टरी’ म्हणजे कुणीही न उघडलेली, एकाच साच्यातली पानं. त्यांतली काही मी उघडून पाहिली. आमच्या फाउंड्रीची नोंद दातांच्या दवाखान्याच्या खाली आणि ऑनलाइन जुगाराच्या वर होती.

आता त्याच फाउंड्रीच्या वेबसाइटचं पहिलं पान बघू. ‘आम्ही कोल्हापुरातील सर्वोत्तम कास्टिंग उत्पादक, कोल्हापुरातील आघाडीचे कास्टिंग उत्पादक, महाराष्ट्रातील सर्वोत्तम सीआय कास्टिंग उत्पादक व पुरवठादार आहोत’ असं इंग्रजीत, शब्दांची जागा बदलून बदलून, पानभर. सगळ्यात खाली पुणे, सांगली, सातारा, बेळगाव, हुबळी, नाशिक, औरंगाबाद अशी गावांची रांग. पार्श्वभूमी पांढरी आणि त्यावर आणखी काही ओळी पांढऱ्याच अक्षरांत, माउसने निवडल्या तरच दिसणाऱ्या. डिजिटल मार्केटिंगच्या तीन महिन्यांच्या क्लासमध्ये अजून शिकवतात की, मुख्य शब्द शंभरात अमुक वेळा आलाच पाहिजे. गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत हे सगळं नावानिशी लिहिलेलं आहे. शब्दांची कोंबाकोंबी, गावांच्या याद्या, लपवलेला मजकूर, यांतलं काहीच चालत नाही.

पण नियम थोडा वेळ बाजूला ठेवू. हे पान वाचणार कोण, याचा विचार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुण्यातल्या पंप बनवणाऱ्या कारखान्यातला खरेदी विभागाचा इंजिनिअर रात्री उशिरा नवा पुरवठादार शोधतो आहे. त्याला हवंय: एफजी २६० करता का? एसजी आयर्न ५००/७ करता का? सर्वात जड कास्टिंग किती किलोचं काढता? मोल्डिंग बॉक्सची मापं काय? इंडक्शन फर्नेस किती टनांची? स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे की तपासणी बाहेरून करून आणता? आयएटीएफ १६९४९ आहे का? मशीनिंग करून देता की नुसती कच्ची कास्टिंग? या माणसाला ‘सर्वोत्तम’ हा शब्द काही सांगत नाही. तीन वर्षांत त्या वेबसाइटवर यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर लिहिलं गेलं नव्हतं. सगळी उत्तरं मालकांना तोंडपाठ होती. त्यांना कुणी विचारलीच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे. या जुन्या युक्त्यांत पैसे वाया जातात हे खरंच, पण त्याहून वाईट असं की, गिऱ्हाइकाला खरी माहिती देण्याची जागा त्या खाऊन टाकतात. आणि त्या चालवणारा कुणीही असो, दुष्परिणाम भोगावे लागतात ते ज्याच्या नावाची पाटी आहे त्याला.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं. जे. सी. पेनी ही तिथली जुनी, मोठी दुकानसाखळी. २०१० च्या अखेरीस, नाताळच्या खरेदीच्या हंगामात, ‘ड्रेसेस’ शोधा, ‘बेडिंग’ शोधा की गालिचे शोधा, गूगलवर पेनी पहिली. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने याचा शोध घेतला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सविस्तर बातमी छापली. पेनीच्या वेबसाइटकडे बोट दाखवणाऱ्या हजारो लिंक जगभरच्या भलत्याच ठिकाणी पेरलेल्या होत्या. अणुअभियांत्रिकीच्या, कॅसिनोच्या, बल्गेरियातल्या जमीनजुमल्याच्या वेबसाइटवर मध्येच ‘इव्हिनिंग ड्रेसेस’सारखे शब्द, आणि त्यांवर क्लिक केलं की थेट पेनीचं दुकान. बातमी छापून येण्याआधीच्या त्या आठवड्यात गूगलने कारवाई केली. प्रवासी बॅगांच्या एका शोधात संध्याकाळी पहिल्या क्रमांकावर असलेली पेनी दोन तासांनी ७१ व्या क्रमांकावर होती. कंपनीचं म्हणणं होतं, या लिंक आम्ही टाकायला सांगितल्या नव्हत्या. त्यांनी आपल्या सल्लागार संस्थेला काढून टाकलं. पण खाली गेलं ते पेनीचं नाव. सल्लागाराचं नाव त्या शोधात कधी नव्हतंच.

लिंकांना एवढं महत्त्व का, हे थोडक्यात सांगायला हवं. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी जी पद्धत मांडली तिच्या मुळाशी ही कल्पना होती की, एका पानाने दुसऱ्या पानाकडे लिंक देणं म्हणजे त्याची शिफारस करणं, आणि ज्याची स्वतःची पत मोठी त्याच्या शिफारशीला वजन जास्त. कल्पना चांगली होती. तिच्यामुळेच गूगल इतरांहून सरस ठरलं. आणि म्हणूनच शिफारशी विकत मिळू लागल्या. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला, तो थेट या बाजारावर. गूगलच्याच सांगण्यानुसार इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलं पोचवणाऱ्या कंपनीने वृत्तपत्रांच्या वेबसाइटवर पैसे देऊन लेख छापून घेतले आणि त्यांत आपल्या लिंक घातल्या. परिणाम असा की, तिचं स्वतःचं नाव टाकून शोधलं तरी तिची वेबसाइट दिसेना. तिकडचा मातृदिन मार्चमध्ये, म्हणजे धंद्याचा हंगाम अगदी तोंडावर आलेला. अकरा दिवसांनी ती परत दिसू लागली. त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये गूगलला आपल्याच क्रोम ब्राउझरच्या पानावर कारवाई करावी लागली होती, कारण त्याच्या जाहिरातमोहिमेत पैसे देऊन लिहून घेतलेले लेख निघाले. साठ दिवस ते पान क्रमवारीत खाली ठेवलं गेलं.

२०१६ च्या सप्टेंबरपासून चित्र आणखी बदललं आहे. आता अशा लिंकांबद्दल बहुतेक वेळा शिक्षाही होत नाही. त्या नुसत्या मोजल्या जात नाहीत. म्हणजे महिन्याला पाचशे लिंक घ्या की पाच हजार, त्या शून्य धरल्या जातात. वाईट काहीच घडत नाही, म्हणून मालकाला संशय येत नाही, आणि बिल चालू राहतं. हा प्रकार फार मोठा झाला, तर मात्र गूगलची माणसं हाताने कारवाई करतात आणि तिची सूचना सर्च कन्सोल या त्यांच्या मोफत सेवेत येते. आता पाहा: सर्च कन्सोलचं खातं एजन्सीच्या नावावर. सूचना आलीच तर ती वाचणार कोण? ज्याने लिंक विकत घेतल्या तोच. मालकापर्यंत ती पोचेलच याची काय खात्री?

याच बाजारातला नवा माल म्हणजे मुदत संपलेले डोमेन. एखादी शाळा, संस्था बंद पडते, तिच्या वेबसाइटचं नाव कुणी पुन्हा नोंदवत नाही. ते नाव विकत घ्यायचं, त्या जुन्या पतीवर भलतंच काही चालवायचं. मार्च २०२४ मध्ये गूगलने यालाही नियमात पकडलं. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत एक आहे ते जुन्या प्राथमिक शाळेच्या वेबसाइटवर टाकलेल्या जुगाराच्या मजकुराचं. आपल्या गावातल्या बंद पडलेल्या शाळेच्या नावावर असं काही चालावं, याची मला लिंकांच्या हिशेबापलीकडे चीड येते.

कोकणात वेगळाच प्रकार दिसतो. तारकर्लीजवळच्या एका कुटुंबाचं छान घर आहे, परसात माड, जेवायला सोलकढी आणि ताजं मासळीचं ताट. त्यांच्या वेबसाइटवर मात्र पन्नासेक पानं निघाली. मालवणमधला होमस्टे, देवबागमधला होमस्टे, वेंगुर्ल्यातला होमस्टे, गणपतीपुळ्यातला होमस्टे, गोव्यातला होमस्टे. मजकूर एकच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. याला डोअरवे पेज म्हणतात. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मनीतली वेबसाइट गूगलने पूर्णपणे काढून टाकली होती ती असल्याच पानांसाठी. शोधयंत्राला एक पान दाखवायचं, ज्यात ‘जुन्या गाड्या’ हे शब्द ठिकठिकाणी भरलेले, आणि माणूस आला की त्याला दुसऱ्याच पानावर न्यायचं. बीएमडब्ल्यूला ते परवडलं. ती पानं काढली आणि काही दिवसांत त्यांची वेबसाइट परत आली. तारकर्लीच्या घरात मात्र गणपतीपुळ्याचं देऊळ जवळ असेल अशा समजुतीने एक कुटुंब म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन आलं. मालकीणबाईंनी मला सांगितलं, “गो, त्या आजींका बघून माका लाज वाटली. आमी कधी असा सांगलाव नाय.” खरंच त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या नावाने दुसऱ्याने सांगितलं होतं. त्या कुटुंबातल्या रागावलेल्या मुलाने रिव्ह्यूत दिलेला एक तारा मात्र त्यांच्या वाट्याला आला.

मराठी मजकुराचा प्रश्न मला माझ्या डीटीपीच्या दिवसांपासून माहीत आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. त्या काळी आम्ही ज्या फॉन्टांत मराठी टाइप करायचो त्यांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरंच असत. फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप द्यायचा. छापायला ते उत्तम. वेबसाइटवर मात्र डोळ्यांना ‘कोल्हापुरी चप्पल’ दिसायचं आणि शोधयंत्राला अर्थहीन रोमन अक्षरं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपल्याकडच्या कितीतरी मराठी वेबसाइट पुढची अनेक वर्षं जुन्या फॉन्टांवरच राहिल्या, आणि त्या काळातला मजकूर शोधात कधी आलाच नाही. आज फॉन्टचा प्रश्न बराचसा सुटला, पण त्याच्या जागी दुसरी सवय आली आहे. दरपत्रक, मेनू, दुकानाच्या वेळा, सुट्टीचा वार, सगळं एका रंगीत चित्रात बसवायचं आणि ते चित्र वेबसाइटवर चढवायचं. व्हॉट्सअॅपवर फिरवायला बनवलेलं तेच चित्र. चित्रातली अक्षरं वाचण्याचं तंत्र आता आहे, पण साध्या टाइप केलेल्या मजकुराइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाचा वाचून दाखवणारा फोन तिथे बऱ्याचदा गप्प बसतो. दर टाइप करा. वेळा टाइप करा. मराठीत करा, इंग्रजीतही करा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कुठलंही पॅकेज लागत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. इथे संताप झाला, कंपनीला महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून या चपलांमागची भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. त्या दिवसांत जगभरच्या लोकांनी कोल्हापुरी म्हणजे काय हे शोधलं असणार. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बाभळीच्या साली आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, कापशी, बक्कलनाळी, पुकरी असे प्रकार, हे सगळं सांगण्यासारखं, दाखवण्यासारखं. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर त्या वेळी काय होतं? ‘बेस्ट कोल्हापुरी चप्पल, चीप कोल्हापुरी चप्पल, ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन’, अशीच माळ. कातड्याबद्दल अक्षर नाही. चप्पल करणाऱ्या हातांबद्दल अक्षर नाही. आपलं पाऊल इंचात मोजून कोणता नंबर घ्यावा, नवी चप्पल पहिले काही दिवस कशी वापरावी, भिजली तर काय करावं, काहीच नाही. हंगाम दारात आला आणि दुकानाच्या पाटीवर नुसता ‘बेस्ट’ लिहिलेला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

‘आर्टिकल सबमिशन’ आता एआयच्या नावाने नव्याने विकलं जातंय. पूर्वी एकच लेख शब्द फिरवून वीस ठिकाणी टाकत. आता ‘महिन्याला पन्नास ब्लॉग’ मिळतात. फाउंड्रीच्या वेबसाइटवर ‘कास्टिंग म्हणजे काय’, ‘कास्टिंगचे दहा फायदे’. असल्या पोकळ मजकुराविरुद्ध गूगलचा ‘पांडा’ बदल फेब्रुवारी २०११ मध्येच आला होता, आणि अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांवर त्याने परिणाम केला. मार्च २०२४ च्या नियमांत म्हटलंय की, केवळ क्रमवारीसाठी ढिगाने मजकूर तयार केला, तर तो माणसाने लिहिला की यंत्राने, याने फरक पडत नाही. जो ब्लॉग मालक स्वतः वाचत नाही, तो गिऱ्हाइकाने का वाचावा?

गूगलच्या नकाशावरच्या नावाबद्दल आणि रिव्ह्यूंबद्दल थोडक्यात. दुकानाच्या पाटीवर जे नाव, तेच नकाशावर असावं असा नियम आहे. नावापुढे ‘बेस्ट पेढा, देवळाजवळ’ अशी शेपटी लावली, की कुणीही तक्रार करू शकतं आणि नोंद बंद होऊ शकते. विकत घेतलेले रिव्ह्यू तर उघड फसवणूक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे, पण सरकारचं लक्ष कुठे आहे हे त्यातून कळतं.

यावर मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो: “मॅडम, समोरचा हेच सगळं करतोय आणि तो वर आहे. मग?” प्रश्न रास्त आहे. काही जण वर असतात, काही काळ टिकतातही. गूगलचं यंत्र चुकतं, मराठी मजकुराच्या बाबतीत तर इंग्रजीपेक्षा जास्त चुकतं, असा माझा अनुभव आहे. आणि गूगल काही धुतल्या तांदळासारखं नाही. शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला होता. गूगलची वकिली करण्याचं मला कारण नाही. पण समोरचा वर आहे तो त्या युक्त्यांमुळेच, हे कशावरून? बऱ्याचदा तो पंचवीस वर्षांचा जुना असतो, लोक त्याचं नाव टाकूनच शोधतात, त्याच्याबद्दल खऱ्या बातम्या आलेल्या असतात. युक्त्या तो करतो, कारण त्यालाही कुणीतरी पॅकेज विकलेलं आहे.

हे विकणाऱ्यांबद्दल माझ्या मनात सरसकट राग नाही. फोनवर ‘सर, पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणारी मुलं बारा-पंधरा हजारांवर काम करतात, रोजच्या लिंकांचा कोटा त्यांच्या डोक्यावर असतो, आणि क्लासमध्ये त्यांना हेच शिकवलेलं असतं. राग आहे तो ते क्लास चालवणाऱ्यांवर आणि एजन्सींच्या मालकांवर. त्यांना माहीत असतं. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच व्यावसायिकांसाठीच्या सूचनांत लिहून ठेवलंय. एजन्सी जो रिपोर्ट देते त्यात ‘बेस्ट सीआय कास्टिंग मॅन्युफॅक्चरर सप्लायर इन शिरोली कोल्हापूर महाराष्ट्र’ या शोधात तुम्ही पहिले आहात असं असतं, आणि असा शोध पृथ्वीच्या पाठीवर कुणी करत नाही. मालकाच्याच फोनवर, मालकाच्याच कारखान्यात उभं राहून शोधलं, तर निकाल वेगळे येतात हेही त्यांना माहीत असतं.

फाउंड्रीच्या वेबसाइटवरून आम्ही ती सगळी कोंबाकोंबी काढली. मालकांबरोबर दोन दुपारी बसून ग्रेड, वजनं, बॉक्सची मापं, फर्नेस, तपासणीची सोय लिहून काढली, शॉप फ्लोअरचे खरे फोटो घातले. चौकशा आता येतात. फार नाहीत, पण येतात त्या ड्रॉइंग जोडून येतात, आणि त्यांतल्या काहींना मालक फोनवर स्पष्ट सांगतात की एवढं जड काम आमच्याकडे होत नाही. दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो.

एसईओ म्हणून पैसे भरणाऱ्या प्रत्येक छोट्या उद्योजकाला माझी विनंती आहे: पुढचं बिल भरण्याआधी एजन्सीकडे तीन गोष्टी लेखी मागा. डोमेन कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे? सर्च कन्सोलच्या खात्यावर मालक म्हणून तुमचा ईमेल आहे का? आणि गेल्या महिन्यात घेतलेल्या लिंकांची पत्त्यांसह पूर्ण यादी कुठे आहे? यादीतल्या कुठल्याही दहा लिंक स्वतः उघडून बघा. व्यापारी संघटनांनी आणि एमआयडीसीतल्या उद्योजक संघांनी आपल्या सभासदांसाठी एक दुपार यावर ठेवावी. कोल्हापुरात कुणी बोलावलं, तर मी मोफत येईन. डोमेन दुसऱ्याच्या नावावर निघालं, तर बाकी सगळं थांबवून आधी ते स्वतःच्या नावावर करून घ्या. एजन्सीशी बिनसलं की वेबसाइटचं नाव ज्याच्या ताब्यात, त्याचंच चालतं.